खबर पोचू द्या

शाळेच्या सामानाच्या खोलीतून साप निघाला, त्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक आपापल्या वयाला आणि पगाराला न शोभणाऱ्या उड्या मारून वर चढलो होतो. मुख्याध्यापक खुर्चीवर, मी टेबलावर, आणि रोज पोरांना धीटपणा शिकवणारे पीटीचे सर थेट कपाटावर. भाऊ मात्र सावकाश आले. लांब दांड्याच्या झाडूने त्यांनी ती धामण हळूहळू मागच्या दारापर्यंत नेली, कुंपणाबाहेर घालवली, दार लावलं, झाडू जागेवर ठेवला. मग पायरीवर बसले, उजवा हात छातीवर सपाट ठेवला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "थांबा जी. आता खबर पोचून राह्यली."

आणि खरंच, साप गेला, आम्ही मान खाली घालून खाली उतरलो, कोणीतरी चहा सांगितला, तेव्हा कुठे भाऊंचं हृदय धडधडायला लागलं. कपाळावर घाम आला. "आता समजलं त्याले," ते हसत म्हणाले, "साप होता म्हनून."

त्याले म्हणजे हृदयाला. ते हृदय भाऊंचं स्वतःचं नव्हतं, दुसऱ्या कोणाचं तरी त्यांच्या छातीत बसवलेलं होतं. असं हृदय बसवताना मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटतात आणि त्या लवकर जुळत नाहीत. घाबरल्याचा निरोप मग रक्तातून, लांबच्या वाटेने जातो. तुमच्याआमच्या हृदयाला फोन लागतो, भाऊंच्या हृदयाला पोस्टकार्ड जायचं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तशी त्यांची सूचनाच होती. "लिहा मॅडम, पन नाव नका टाकू. आमच्या घरच्या पोरींची लग्नं व्हाची आहेत. ज्याले सांगाचं त्याले मी सांगतो." दिग्रसमधल्या आमच्या शाळेचे ते शिपाई. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. आमच्याकडे निम्म्या गावाला भाऊ म्हणतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही.

मी सायन्स शिकवायची आणि भाऊ घंटा वाजवायचे. या दोन कामांत जास्त चोख कोणतं काम व्हायचं, हे विचारू नका. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता. भाऊ हातोडी उचलून उभे राहायचे, नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. काटा बारावर आला की टोल. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात भाषण देत होते. ऐन रंगात आले आणि घंटा झाली. पोरं दप्तर घेऊन बाहेर. साहेबांनी भाऊंना बोलावून घेतलं. भाऊ म्हणाले, "साहेब, तुमचं बोलनं चांगलंच होतं. पन टाइम म्हंजे टाइम." साहेबांनी फाइल बंद केली. मला वाटतं त्यांनाही भूक लागली असावी.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. जिन्याच्या अर्ध्यात एक सूचनाफलक होता. भाऊ वर येताना तिथे थांबायचे आणि टाचण्या काढून कागद सरळ लावायचे. त्या फळ्यावरच्याइतके सरळ कागद जिल्ह्यातल्या कुठल्याच शाळेत नसतील. मी कित्येक वर्षं त्यांना टापटिपीचा माणूस समजत होते. तो माणूस धाप लपवत होता. विचारलं तर म्हणायचे, "दमा आहे जी थोडासा. कापसाचा."

दरवर्षी मी हृदयाचा धडा शिकवायची. प्लास्टरचं मोठं लालनिळं हृदय भाऊ खालून उचलून आणून माझ्या टेबलावर ठेवायचे, फडक्याने पुसायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे. मी पोरांना चार कप्पे दाखवायची. ज्याच्या छातीतले कप्पे बिघडत चालले होते, तो माणूस माझ्यापासून सहा फुटांवर ओठ निळे पडेपर्यंत दम खात होता. मला हे दिसत होतं आणि कळत नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

हा कापसाचा दमा काय, तेही सांगते. भाऊंचे वडील इथल्याच जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायच्या कामावर होते. छत्तिसाव्या वर्षी, जेवणाच्या सुटीत, डबा हातात असताना बसले ते उठलेच नाहीत. घरात ठरलं, कापसाच्या धुळीने खाल्लं. त्या दिवसापासून भाऊंच्या आईने घरात कापूस येऊ दिला नाही. उशीसुद्धा नाही. लुगड्याची घडी करून तिच्यावर डोकं टेकायची. दोन्ही मुलांना जिनिंगच्या फाटकाकडे फिरकू दिलं नाही. थोरला वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला आणि धाकट्याला, म्हणजे भाऊंना, शाळेत चिकटवलं. पुढे थोरला उभ्या ट्रकमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून, गेला. वय एकोणचाळीस. तेव्हा कोळशाचं नाव झालं. मुकुटबनला शेती करणारे चुलते पाठीवर फवारणीचा पंप असतानाच पडले. तिथे फवाऱ्याचं नाव झालं. एका घरातली तीन माणसं गेली आणि तिघांचा खुनी वेगळा.

मग एक दिवस तिसऱ्या तासाची घंटा झालीच नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. पोरं चुळबुळायला लागली, तशी मी बाहेर आले. भाऊ रुळाखाली पडले होते. हातोडी हातात होती.

यवतमाळहून त्यांना नागपूरला पाठवलं. त्यांच्या घरच्यांसोबत मीही गेले. सायन्सची बाई बरोबर असावी, असं मुख्याध्यापकांना वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कमी वयात कोण कोण गेलं?" भाऊंनी सांगितलं, कापूस, कोळसा, फवारा. डॉक्टरांनी कागद घेतला, वंशावळ काढली आणि तीन ठिकाणी एकच खूण केली. म्हणाले, धूळ नाही, कोळसा नाही. हा हृदयाच्या स्नायूचा आजार आहे आणि तो घराण्यातून येतो. स्नायू जाड होत जातो, कधी अचानक ताल सोडतो, नाहीतर शेवटी थकतो. बापाला असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या प्रत्येक माणसाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

भाऊंनी त्या तीन खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे माह्या मायनं तीस वर्षं उशीबिगर काढले. फुकट."

माय तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

औषधांनी भागण्याची वेळ निघून गेली होती. हृदय बदलणं, एवढा एकच उपाय उरला होता. सरकारी योजना, धर्मादाय संस्था, शाळा, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी हात लावला आणि ते जमलं. भाऊ नागपूरला दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिले. हृदय मिळालं की लगेच पोचता आलं पाहिजे, असा नियम. मी एका रविवारी भेटायला गेले तर खिडकीत बसलेले. आयुष्यभर घड्याळाकडे पाहत आलेला माणूस, पण त्या खोलीत त्यांनी घड्याळ लावलं नव्हतं.

"कायची वाट पाहून राह्यलो मी, मॅडम?" ते म्हणाले. "कोनाच्या तरी मरनाची. शाळेत घंटीची वाट पाहाचो, ते बरं होतं."

मी केळी सोलून दिली.

पहिला फोन आला तेव्हा भाऊ धावत गेले, पण ते हृदय चालण्यासारखं निघालं नाही. परत आले. दुसरा फोन आला तो दुपारचा. ते आत जायच्या आधी मी पोचले. स्ट्रेचरवरून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, बायकोची जबाबदारी टाकतात की काय. म्हणाले, "हातोडी पीटीच्या सरच्या हाती देऊ नका. ते दोन मिनिटं आधीच टोल देते."

शुद्धीवर आल्यावर चारपाच दिवसांनी त्यांनी डॉक्टरांकडे एकच मागणी केली. जुनं हृदय पाहायचं. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग दाखवलं. ट्रेमध्ये ठेवलेलं. मुठीएवढं असायला हवं ते लहान पपईएवढं झालं होतं. भाऊंनी त्याचा फोटो काढायला लावला. त्यांनी नंतर मला सांगितलं, "मी त्याले म्हटलं, तूच होय ना बे? माह्या बापाले तूच, दादाले तूच. आन आम्ही कापसाले शिव्या देऊन राह्यलो होतो."

परत आले ते मास्क लावून. नव्या हृदयाला ते पाव्हणा म्हणायचे. पोरांना तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं होतं. "पाव्हणा कितीही चांगला असो, घरचे म्हनते हा कोन, हाकला याले. आपलं आंग तसंच करते. गोळ्या कायले खातो मी? घरच्यांचं तोंड बंद ठेवाले." त्या गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला, मिनिटाचाही फरक न करता. फोनला त्यांनी गजर लावला होता, आणि त्यासाठी आमच्या रुळाचीच घंटा फोनमध्ये भरून घेतली होती. स्वतः वाजवलेली. दुसऱ्याच्या घंटेवर त्यांचा भरवसा नव्हता.

जिना चढायच्या आधी ते खालीच पाचदहा मिनिटं व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. पाव्हण्याला आधी सांगावं लागतं, म्हणायचे, मग तो निघतो. सूचनाफलकापाशी मात्र थांबत नसत. तिथले कागद वाकडे व्हायला लागले आणि मला फार बरं वाटलं.

पाण्याचा मोठा पेच होता. उकळलेलंच प्यायचं, बाहेर कुठे घोटभरही नाही. आता आपल्याकडे कोणाच्या घरचं पाणी न घेणं याचा अर्थ काय होतो, तुम्हाला सांगायला नको. संस्थेचे एक जुने सभासद, मोठे शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे. भाऊ कसली तरी सही आणायला त्यांच्याकडे गेले, सोबत मी होते. याच घराच्या अंगणात भाऊंच्या आजोबांना वरून ओंजळीत पाणी ओतत. त्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला आणि पुन्हा त्या अंगणात ओंजळ धरली नाही. हे भाऊंना माहीत होतं आणि म्हाताऱ्यांनाही. म्हाताऱ्यांनी स्वतः उठून पेला आणला. भाऊंच्या समोर धरला.

भाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण प्यायले नाहीत. म्हाताऱ्यांचं तोंड उतरलं.

"पाटील," भाऊ म्हणाले, "तुमचं पानी चांगलंच आहे. माह्या पाव्हण्याले उकळलेलं लागते. उकळून देता का? मी बसतो."

म्हातारे सुनेला हाक न मारता स्वतः आत गेले. पाणी उकळलं, निवायला ठेवलं. अर्धापाऊण तास आम्ही तिघं पावसापाण्याचं, तुरीचं बोलत बसलो. मग भाऊ ते पाणी प्यायले. परत येताना मी म्हटलं, "बाटली होती की तुमच्या पिशवीत." तर म्हणाले, "होती ना. पन म्हाताऱ्याचं पानी राह्यलं असतं."

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे येते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्ताच्या प्रत्येक माणसाचा इको. भाऊंनी ते घंटेसारखं मनावर घेतलं. फोनमध्ये दोन फोटो, एक शाळेच्या प्लास्टरच्या हृदयाचा आणि एक त्यांच्या जुन्या हृदयाचा. वणी, मुकुटबन, पुसद, जिथे म्हणून नातेवाईक, तिथे हा माणूस मास्क लावून हजर. लग्न असो, नामकरण असो, पंगत बसली की खिशातून फोन निघायचा. "हे शाळेतलं, चांगलं. आन हे माहं. तुमचं कोनतं आहे, मालूम आहे का तुमाले?" लोक ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जायचे. एका मांडवात म्हणे कोणीतरी ओरडलं, "आले पाहा, दिल खिशात घेऊन!" भाऊंना त्याचं काही वाटलं नाही. त्या मांडवातून दोन माणसं यवतमाळला तपासायला गेली, तेवढं ते सांगायचे.

पण भाऊंना स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि रक्ताचं सगळ्यांत जवळचं माणूस ऐकत नव्हतं. थोरला भाऊ गेल्यावर त्याची बायको मुलीला घेऊन वणीहून दिग्रसला आली होती. कॉलेजच्या मैदानाजवळ, माझ्या घरामागच्या गल्लीत राहते. शिवणकाम करते, माझे ब्लाउज तिच्याकडेच असतात, त्यामुळे तिची बाजूही मला ठाऊक. आम्ही सगळे तिला वैनी म्हणतो. तिची मुलगी, म्हणजे भाऊंची पुतणी, पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे मैदानावर आठशे मीटरच्या फेऱ्या. पीटीचे सर घड्याळ घेऊन उभे. पोरगी हरणासारखी पळायची. आणि ती ज्या बापाची होती, त्याचा आजार तिला असण्याची शक्यता निम्मी होती.

"माह्या पोरीले काही झालं नाही," वैनी म्हणायची. "पळून राह्यली ना? बीमार मानूस पळते का? इको काढला आन गावात झालं, तर कोन करन तिच्याशी लग्न?"

त्यातच वणीचं एक स्थळ आलं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, मुलाकडच्यांना मुलगी आवडली. आणि भाऊंनी, घरातला मोठा पुरुष म्हणून बसलेल्या भाऊंनी, फोन काढला. म्हणाले, आमच्या घरात असं आहे, पोरीचा इको व्हायचा आहे, तो झाला की तारीख काढू. मुलाकडचे फोटो पाहून उठले. तारीख काही निघाली नाही.

मी तेव्हा भाऊंवर चिडले होते, कबूल करते. म्हटलं, जरा थांबला असता, आधी घरात बोलला असता. ते म्हणाले, "घरात तीन वर्षं बोलून राह्यलो जी. लपवून लगन केलं असतं, आन पोट्टी बाळंतपनात गेली असती, तर त्या लोकाइले काय सांगतलं असतं? कापूस?"

वैनीने त्यांना दार बंद केलं. ते दर रविवारी जायचे, दारासमोर पाच मिनिटं उभे राहायचे आणि परत यायचे. आतून मशीनचा आवाज यायचा. त्या वेळी वैनी मशीन जरा जोरातच चालवायची.

पोरगी पळत होती.

मी सकाळी मैदानावर चालायला जाते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. ती फेरीला सुरुवात करणार तेवढ्यात भाऊ लिंबाखालून निघाले आणि तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. पायात शाळेचे काळे बूट.

"काका, तिकडं बसा ना."

"तू पळ. मी पन पळतो."

तिला वाटलं, चार पावलं येतील. भाऊ पळायला लागले. पहिली फेरी तर मजेत झाली, पाव्हण्याला अजून पत्ताच नव्हता. दुसऱ्या फेरीत चेहरा बदलला. मास्क खाली ओढला, मान पुढे आली. पीटीचे सर ओरडले, मी ओरडले. पोरीने मागे वळून पाहिलं आणि ती थांबली. धावत उलटी आली, त्यांचे दोन्ही दंड धरले.

"काका, थांबा ना! मरान ना तुम्ही!"

भाऊ खाली बसले. बोलता येईपर्यंत बराच वेळ गेला. "भेव वाटलं तुले?" त्यांनी विचारलं. "मले रोज वाटते. तू पळते तवा मी त्या लिंबाखाली उभा रायतो. तुही फेरी पुरी होईलोक श्वास नाही घेत."

त्यांनी तिचा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. भाऊ बसले होते, पण हृदय अजून पळत होतं. त्याला थांबल्याची खबरही उशिराच लागते. पोरीने हात काढला नाही. ते धडधडणं हळूहळू कमी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "यवतमाळले कवा जाचं?"

वैनीला न सांगता आम्ही तिघं गेलो. इको झाला. आजार होता. स्नायू जाड व्हायला सुरुवात झाली होती, पण वेळ हातात होता. गोळ्या सुरू करायच्या, आणि गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवायची. हृदयाने ताल सोडला तर ती झटका देऊन त्याला ठिकाणावर आणते. पळणं मात्र बंद. पोलीस बंद.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीशी बसली होती. कपाळ काचेला टेकवून. भाऊ मात्र बोलत होते, शेंगदाणे घेतले, कंडक्टरशी गप्पा मारल्या. मला रागच आला, या माणसाला काही वाटतं की नाही. दारव्ह्याला गाडी थांबली, आणि भाऊंनी शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली. हात छातीवर सपाट ठेवला. आणि भर गाडीत हुंदके देऊन रडायला लागले. पोरगीच मग त्यांच्याजवळ सरकली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोचली का खबर, काका? राहू द्या. मी आहे ना."

डबी बसली. वैनीचा राग गेला नाही, उलट वाढला. लग्न गेलं, पोलीस गेलं, आणि आता गळ्याखाली ही डबी. जवळजवळ वर्षभर ती भाऊंचं नाव घेत नव्हती.

मग एक दिवस दुपारी पोरगी मशीनवर काज करत बसली होती. अचानक मान टाकली. वैनी किंचाळून उठली. तेवढ्यात पोरीचं अंग एकदा जोरात उडालं आणि तिने डोळे उघडले. "काय झालं वं आई?" तिनेच विचारलं. डबीने आपलं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत वैनी शाळेत आली. हातात कापडी पिशवी. भाऊ रुळाजवळ स्टुलावर बसले होते. वैनीने पिशवीतून एक उशी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. कापसाची, नव्या पांढऱ्या कापसाची, निळ्या फुलांच्या खोळीची. रात्रभर बसून शिवली असावी, काठाला दुहेरी टीप होती.

"कापसानं काही नोतं केलं," वैनी म्हणाली.

भाऊ उशीवरून हात फिरवत राहिले. मग वर पाहून म्हणाले, "थांबा वैनी. जरा खबर पोचू द्या."

त्या दिवशी मधली सुटी चार मिनिटं उशिरा संपली. आमच्या शाळेच्या इतिहासात असं एकदाच झालं.

भाऊ गेले ते त्यानंतर पाच वर्षांनी. पाव्हण्याने शेवटपर्यंत दगा दिला नाही. घरच्यांचं तोंड बंद ठेवणाऱ्या गोळ्या चोराचिलटांनाही आत येऊ देतात, त्याला कोणाचा इलाज नसतो. फुप्फुसात संसर्ग झाला आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. नागपूरहून फोन आला तेव्हा मी हजेरी घेत होते. हजेरी पूर्ण केली. तास घेतला. अंत्ययात्रेला गेले, वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, धरून बसले. सगळं नीट केलं. डोळ्यातून पाणी आलं नाही आणि मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि पंगत बसली. वणी, पुसद, मुकुटबन, सगळीकडून माणसं आली होती. वाढायला सुरुवात होणार तेवढ्यात वैनी उभी राहिली. हातात भाऊंचा फोन.

"हे पाहा," ती म्हणाली. "हे माह्या देराचं. आन माह्या नवऱ्याचंही असंच होतं, मी पाह्यलं नाही इतकंच."

"वैनी, जेवू तर दे," मुकुटबनचा चुलत भाऊ म्हणाला. फवाऱ्याने गेले म्हणत त्या चुलत्यांचा हा मुलगा. भाऊंना इतकी वर्षं चुकवत आलेला.

"जेव ना. पोटभर जेव. पन सोमवारी यवतमाळले कोन कोन येऊन राह्यलं, ते सांगून जेव."

आधी लोक ताटं सरळ करत राहिले. मग एका म्हातारीने हात वर केला, माह्या नातवाले नेजो म्हणाली. मग दुसरा, तिसरा. पोरगी वहीत नावं लिहीत गेली. चुलत भावाने रिकाम्या ताटाकडे पाहत हात वर केला.

सोमवारी सकाळी मी स्टँडजवळ त्यांना निरोप द्यायला गेले. काळी-पिवळी जीप उभी होती. वैनी पुढच्या सीटवर, मांडीवर भाऊंचा फोन, रस्त्यात कोणी माघार घेतली तर दाखवायला. पोरगी माणसं मोजत होती. एक कमी भरत होता. चुलत भाऊ पानठेल्यावर जीपकडे पाठ करून उभा होता. ड्रायव्हर कुरकुरत होता. पोरीने हाक मारली, त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्याचं दाखवलं.

तेवढ्यात आठ वाजले आणि वैनीच्या मांडीवर आमच्या शाळेची घंटा वाजली.

फोन दवाखान्यापासून बंदच असायचा, दाखवण्यापुरता सुरू व्हायचा, म्हणून गोळ्यांचा गजर बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टण, टण, टण, तोच रूळ, तोच हात. वैनीचं बोट बटणाकडे गेलं आणि थांबलं. तिने ती घंटा पूर्ण वाजू दिली. पानठेल्यावरचा चुलत भाऊ पान टाकून, उशीर झालेल्या पोरासारखा धावत आला आणि मागच्या सीटवर चढून बसला. जीप निघाली.

मी स्टँडवरच्या बाकावर बसले. इतके दिवस शहाण्यासारखी वागलेली मी, हात छातीवर ठेवून रडायला लागले, आणि काही केल्या थांबेना. शेजारी एक बाई गाठोडं घेऊन बसली होती, माझ्या ना ओळखीची ना पाळखीची. तिने मला हलवलं. "काय झालं वं बाई? कोन गेलं?"

"गेले त्याला दिवस झाले," मी म्हटलं. "मला खबर आत्ता पोचली."